घरच्या पडवींतील पहिली यांत्रिक करवत

सेवानिवृत्त मनुष्याच्या हातीं वेळ फार आणि काम थोडें अशी स्थिति झाली, म्हणजे तो एक तर घरांतील प्रत्येकाच्या कामांत लक्ष घालूं लागतो, किंवा एखादा उद्योग शोधतो. पहिल्या मार्गानें घरांत काय होतें, हें दोन महिन्यांतच आमच्या ध्यानीं आलें. म्हणून आम्हीं दुसरा मार्ग पत्करला. चौतीस वर्षें मुलांस संस्कृत आणि गणित शिकविल्यावर आम्ही स्वतः विद्यार्थी झालों व आळींतील एका वृद्ध मिस्त्रींकडे सुतारकाम शिकूं लागलों. वाड्याच्या मागच्या पडवींत एक बांक मांडला, भिंतीवर रंधे, पटाश्या, गुण्या आणि करवती टांगल्या, आणि पाट, चौरंग, पोळपाट, पुस्तकांची मांडणी असें करीत करीत गेल्या वर्षीं एक लहानसा देव्हाराहि पुरा केला.

हें सर्व काम हातकरवतीवर चाले. पण साठी उलटल्यावर खांदा मनाचें ऐकेनासा झाला. दीड इंच जाडीची सहा फूट सागवानी फळी उभी चिरावयाची म्हणजे एक सकाळ खर्चीं पडे, आणि दुसऱ्या दिवशीं घास तोंडापर्यंत नेणें कठीण होई. तेव्हां विजेवर चालणारी, एका जागीं पक्की बसविलेली करवत घ्यावी असा विचार घरांत निघाला. त्या विचारापासून खरेदीपर्यंत आठ महिने गेले. त्या अवधींत आम्ही जें वाचून, पाहून आणि एकदां भीतीनें थरथरत शिकलों, तें या वाटेनें जाऊं इच्छिणाऱ्या गृहस्थांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देत आहों.

करवत ही वस्तु आपल्याकडे नवी नव्हे. अमरकोशांत तिला क्रकच व करपत्र अशीं नांवें आहेत. दुसऱ्या नांवापासूनच आपला ‘करवत’ शब्द आला. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतींत तर ‘क्रकचव्यवहार’ नांवाचें एक स्वतंत्र प्रकरणच आहे. लांकडाच्या बुडाची व शेंड्याची जाडी मिळवून तिचें अर्ध करावें, त्यास लांबीनें आणि चिरांच्या संख्येनें गुणावें, व अंगुळांचे हात करण्यासाठीं ५७६ नें भागावें, असा तो हिशेब आहे. चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणून चोविसाचा वर्ग ५७६. पुढें आचार्य असेंहि सांगतात कीं, मजुरी ठरवावयाची ती कारागिरांच्या संमतीनें व पदार्थाच्या मऊ-कठिणपणावरून ठरवावी. हीं उदाहरणें आम्हीं फळ्यावर कित्येक वेळां सोडविलीं असतील. पण चिरणाऱ्या हातांचा विचार तेव्हां आमच्या मनांत एकदांहि आला नाहीं.

तो विचार आला तो असा. आमचा पुतण्या अभियांत्रिकी शिकलेला आणि मोठा उत्साही. त्यानें एका परिचिताकडून जुनी टेबल-सॉ आणली. लोखंडी मेज, त्याच्या मध्यभागीं फटींतून वर आलेलें दहा इंची वाटोळें पातें, खालीं मोटर, आणि बाजूस दिव्याला असतें तसें साधें बटण. पात्यावर झांकण नव्हतें. किंमत मात्र कमी होती, आणि तिला आम्हीहि भुललों. पांचव्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही काम करीत असतां वीज गेली. पातें थांबलें, आम्ही चहाला आंत गेलों. बटण बंद करण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. मागून आमची सहा वर्षांची नात पडवींत गेली व बाहुलीच्या भातुकलीसाठीं मेजावरचा भुसा गोळा करूं लागली. पात्याला चिकटून जो भुसा होता तोच तिला अधिक बारीक व चांगला वाटला. इतक्यांत आमच्या सौभाग्यवतींनीं वेणी घालावयास तिला हांक मारली. ती ओंजळ सांभाळीत माजघराचा उंबरठा ओलांडते न ओलांडते तोंच वीज आली, आणि मागें पडवींत यंत्र आपोआप गर्जूं लागलें.

कोणीं कोणास बोल लाविला नाहीं. आमचे थोरले बंधु उठले, स्वतः जाऊन बटण बंद करून आले, आणि “हें यंत्र उद्यां घरांत नको,” एवढेंच म्हणाले. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. पुतण्या दुसऱ्या दिवशीं यंत्र परत देऊन आला. दोष यंत्राचा थोडा होता, आमचा पुष्कळ होता.

पुढें दोन महिने या विषयाचें नांव घरांत निघालें नाहीं. मग एके रविवारीं जेवणानंतर दादांनीं आपण होऊनच गोष्ट काढली. पुतण्या लागलाच निरनिराळ्या यंत्रांचीं नांवें सांगूं लागला. दादांनीं त्यास थांबविलें आणि आम्हांस विचारलें, “अरे, करवत कोणती हें मागाहून पाहूं. तुला करावयाचें काय आहे, तें आधीं कागदावर लिही.” चौतीस वर्षें आम्ही मुलांना हेंच सांगत आलों होतों कीं, उदाहरण सोडविण्यापूर्वीं ‘काय काढावयाचें आहे’ तें लिहा. तें आम्हांस दादांनीं शिकविलें. आम्हीं लिहिलें: पाट, चौरंग, देव्हारे, खुर्चीचे वळणदार पाय, मुलांचीं खेळणीं, आणि माळ्यावर पडलेल्या जुन्या सागवानी तुळया चिरून त्यांच्या पातळ फळ्या. स्वयंपाकघरांतील प्लायवुडचीं कपाटें त्या यादींत नव्हतीं. या यादीनेंच पुढचा अर्धा निर्णय करून टाकला.

घरच्या कारखान्यासाठीं पहिली करवत म्हणून मुख्यतः दोन यंत्रांचा विचार होतो. एक टेबल-सॉ, तिला आपण चक्रकरवत म्हणूं. हिचें पातें वाटोळें, मेजाच्या खालून वर आलेलें असतें. बाजूस एक समांतर पट्टी असते, तिला बाजारांत फेन्स म्हणतात. तिला टेकवून लांकूड पुढें सारावयाचें. दुसरी बँड-सॉ, तिला पट्टाकरवत म्हणूं. हिच्यांत एकावर एक अशीं दोन चाकें असून त्यांवरून दांतेरी पोलादी पट्टा शिवणयंत्राच्या वादीसारखा अखंड फिरतो, आणि मेजाच्या जागीं तो सतत वरून खालीं येतो. हिची कल्पना जुनी आहे. लंडन येथें विल्यम न्यूबेरी यानें १८०८ सालीं तिचें पेटंट घेतलें. परंतु पट्ट्याचीं दोन टोकें जेथें जोडलीं जात तेथें तो वाकून वाकून तुटे, त्यामुळें ती कित्येक वर्षें व्यवहारांत आली नाहीं. हा सांधा टिकाऊ करण्याची रीत १८४६ सालीं क्रेपँ नांवाच्या एका फ्रेंच स्त्रीनें काढली. आमच्या घरांतील स्त्रीवर्गास पट्टाकरवतीविषयीं प्रथम आस्था वाटली ती ही हकीकत ऐकून.

आतां दोहोंची तुलना करूं. पहिला मुद्दा अर्थातच धोक्याचा. दहा इंची पात्याचा परीघ सुमारें ८० सेंटिमीटर. तें मिनिटास ४,००० फेरे घेत असेल, तर त्याचे दांत मिनिटास सुमारें ३,२०० मीटर, म्हणजे ताशीं १९० किलोमीटर वेगानें धांवतात. पात्याच्या पुढल्या अंगाचे दांत लांकूड खालीं दाबतात; पण मागल्या अंगाचे दांत वर येत असतात. लांकडांतील ताण मोकळा होऊन चीर मिटली, किंवा फळी पट्टीपासून जराशी तिरपी झाली, कीं ते मागले दांत फळीला धरतात व उचलून चालकाच्या अंगावर फेंकतात. यालाच इंग्रजींत किकबॅक म्हणतात. फळी मागें गेली कीं तिच्यावर ठेविलेला हात पात्याकडे ओढला जाण्याचाहि संभव असतो. हें टाळण्यासाठीं पात्याच्या लगत मागें एक पातळ पोलादी पान उभें असतें व तें पात्याबरोबर वरखालीं होतें. त्याचें नांव रायव्हिंग नाइफ. तें नसलेली चक्रकरवत फुकट मिळाली तरी घरांत आणूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आमच्या जुन्या यंत्राला तें नव्हतें.

पट्टाकरवतींत दांतांचा सर्व जोर खालीं मेजावर येतो. म्हणून ती फळी अंगावर फेंकीत नाहीं. चौदा इंची यंत्राचा पट्टा सामान्यतः मिनिटास ३,००० फुटांच्या आसपास, म्हणजे ताशीं ५५ किलोमीटर चालतो. पण यावरून ती निरुपद्रवी आहे असें कोणीं समजूं नये. खाटिकखान्यांत हाडें कापण्यास हेंच यंत्र वापरतात, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. शिवाय तिच्यावर वाटोळी वस्तु, उदाहरणार्थ एखादा दांडका, खोबणीच्या आधारावांचून धरली तर ती हातांतच गरकन् फिरते व हात ओढला जातो.

आम्हांस शिकविणाऱ्या मिस्त्रींच्या डाव्या हाताचीं दोन बोटें मधल्या पेरापाशीं संपतात. तरुणपणीं एका वखारींत चक्रकरवतीवर तीं गेलीं. आम्हीं एकदां धीर करून विचारलें, “मिस्त्री, तेव्हां तुम्ही नवे होतां काय?” ते हंसून म्हणाले, “नाही हो गुरुजी. नवा होतो तोवर भीत होतो. हात बसला, मग बोटं गेली.” इतकें मर्मग्राही वाक्य आम्हीं यंत्रांच्या कोणत्याहि माहितीपत्रकांत वाचलें नाहीं.

येथें एका आधुनिक शोधाचा उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेंतील स्टीव्हन गॅस हे पदार्थविज्ञानांतील डॉक्टर व व्यवसायानें पेटंटवकील. त्यांस १९९९ सालीं अशी कल्पना सुचली कीं, पात्यांतून सूक्ष्म विद्युत्संकेत खेळता ठेवावा. मनुष्याची त्वचा पात्यास लागतांच तो संकेत बदलेल, आणि त्या क्षणीं ॲल्युमिनियमचा एक ठोकळा पात्यांत घुसून त्यास थांबवील. सॉस्टॉप नांवाच्या या यंत्रांत पातें सुमारें ५ सहस्रांश सेकंदांत थांबतें. मिनिटास ४,००० फेरे घेणारें पातें एरवीं तेवढ्या वेळांत एक-तृतीयांश फेरा पुरा करील. बोटावर ओरखडा राहतो, बोट राहतें. हें एकदां घडलें म्हणजे तो ठोकळा व बहुधा पातेंहि बदलावें लागतें, आणि यंत्रहि महाग असतें. पण ज्यांस चक्रकरवतच हवी व ज्यांची ऐपत आहे त्यांनीं येथें काटकसर करूं नये.

दुसरा मुद्दा नासाडीचा. चक्रकरवतीच्या नेहमींच्या पात्याची चीर सुमारें ३.२ मिलिमीटर रुंद पडते, पट्टाकरवतीची सुमारें १.१ मिलिमीटर. समजा, १०० मिलिमीटर जाडीच्या सागवानी तुकड्यांतून ६ मिलिमीटरच्या पट्ट्या काढावयाच्या आहेत. चक्रकरवतीनें ११ निघतील. पट्टाकरवतीनें १४ निघतात. पण तिचा काप खरखरीत असतो, म्हणून रंध्यासाठीं प्रत्येकीं अर्धा मिलिमीटर अधिक धरला तरी १३ निघतात. सागवानाचा आजचा भाव ज्यांस ठाऊक आहे त्यांस या दोन पट्ट्यांचें महत्त्व निराळें सांगावयास नको. शिवाय दहा इंची पातें मेजाच्या वर सुमारें तीन इंचच येतें. चौदा इंची साधी पट्टाकरवत सहा इंच उंचीचें लांकूड एका दमांत चिरते. आणि वळणदार काप तर चक्रकरवतीला येतच नाहीं.

मग चक्रकरवत श्रेष्ठ कशांत? सरळपणांत, काटकोनांत आणि एकसारख्या मापाचे अनेक तुकडे काढण्यांत. खणांच्या वीस बाजू तंतोतंत सारख्या हव्या असतील, किंवा कपाटांचाच उद्योग करावयाचा असेल, तर तीच घ्यावी. चौदा इंची पट्टाकरवतीच्या पट्ट्यापासून मागल्या खांबापर्यंत चौदा इंचांहूनहि किंचित् कमी अंतर असतें. त्यामुळें आठ फूट बाय चार फूट प्लायवुडचा ताव ती मधून चिरूं शकत नाहीं. मात्र १८ मिलिमीटरचा तो ताव तीस-पस्तीस किलो भरतो, आणि एकट्या मनुष्यास तो लहान चक्रकरवतीवरहि नीट सांवरत नाहीं. असा ताव जमिनीवर ठोकळ्यांवर मांडून, सरळ पट्टी बांधून, हातांतल्या लहान चक्रकरवतीनें आधीं कापणें हेंच शहाणपणाचें. आमच्या यादींत हें काम नसल्यानें आम्हीं पट्टाकरवतीच्या बाजूनें कौल दिला.

तिसरा मुद्दा घराचा. एकत्र कुटुंबांत यंत्र एकाचें असलें तरी आवाज व धूळ सर्वांची असते. लहान, उचलून नेण्याजोग्या चक्रकरवतींच्या मोटरी फार कर्कश असतात; आमची पट्टाकरवत त्या मानानें शांत आहे. दादांची दुपारची वामकुक्षी मोडत नाहीं, यावरून वाचकांनीं अनुमान करावें. धुळीचा विषय मात्र गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाच्या धुळीची गणना मनुष्यास निश्चित कर्करोगकारक अशा पदार्थांत केली. म्हणून धूळ ओढणारें यंत्र, तोंडावर चांगला मास्क आणि उघड्या खिडक्या यांचा खर्च करवतीच्या किंमतींतच धरावा. दमेकरी मनुष्य घरांत असेल तर पडवीचें दार घट्ट लागतें कीं नाहीं, हें यंत्र आणण्यापूर्वीं पाहावें.

चौथा मुद्दा विजेचा. आपल्या घरीं २३० व्होल्टचा एककलीय प्रवाह येतो. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. एवढी मोटर चौदा इंची पट्टाकरवतीस घरगुती कामासाठीं पुरते. तरीहि तिच्यासाठीं निराळी तार ओढून घ्यावी, जमिनीशीं जोड चोख असावा, आणि गळतीचा प्रवाह तोडणारें स्विच बसवावें. पण या सर्वांहून महत्त्वाची वस्तु म्हणजे नो-व्होल्ट स्विच. वीज गेली कीं हें बटण आपोआप सुटतें आणि वीज परत आली तरी, मनुष्यानें पुन्हां दाबल्यावांचून यंत्र सुरू होत नाहीं. आपल्याकडे वीज जाणें-येणें नित्याचें आहे. म्हणून हें बटण नसलेलें यंत्र घेऊं नये, व जुन्या यंत्रास तें आधीं बसवून घ्यावें. त्याची किंमत यंत्राच्या मानानें क्षुल्लक असते. त्या संध्याकाळीं आमच्या मेजाला तें असतें, तर हा लेख लिहितांना आमचा हात कांपला नसता.

आणखी एक सूचना. ओंडके चिरणाऱ्या लांकूडगिरणीस वनखात्याचा परवाना लागतो. कोणी मोठ्या चाकांची पट्टाकरवत आणून परसांतलीं झाडें चिरण्याचा बेत करीत असेल, तर त्यानें आधीं वनविभागाच्या कचेरींत चौकशी करावी.

यंत्र पाहावयास जातांना गुण्या आणि सरळ पट्टी बरोबर न्यावी. मेजाचा पृष्ठभाग सपाट आहे ना, पट्टा मेजाशीं काटकोनांत उभा राहतो ना, चाकें हातानें फिरविलीं असतां डगमगतात काय, आणि पट्ट्याला वर-खालीं आधार देणारे मार्गदर्शक झिजलेले नाहींत ना, हें पाहावें. पाती वेगवेगळीं ठेवावीं लागतात. पाव इंची पट्टा सुमारें पाऊण इंच त्रिज्येचें वळण घेऊं शकतो. अर्धा इंची पट्ट्याला अडीच-तीन इंचांची त्रिज्या लागते, पण सरळ चिरण्यास तोच चांगला. जाड लांकडास इंचांत तीनच दांत असलेला पट्टा घ्यावा, कारण मोठ्या दांतांमध्यें भुशाला जागा राहते. पातळ लांकडास अधिक दांत हवेत. एका वेळीं निदान तीन दांत लांकडांत असावे. जुन्या तुळया चिरण्यापूर्वीं त्यांवरून लोहचुंबक फिरवावा. आमच्या पहिल्याच तुळईंत अकरा खिळे निघाले.

यंत्र येऊन आतां दहा महिने झाले. पडवीला कुलूप असतें, आणि त्याची किल्ली दादांच्या जानव्याला असते. किल्ली मागावयास गेलें कीं ते आम्हांकडे नीट निरखून पाहतात. कधीं म्हणतात, “आज तुझें चित्त ठिकाणावर दिसत नाहीं; उद्यां ये.” साठी उलटलेल्या मनुष्यास असें परत पाठविणारें कोणी घरांत आहे, ही एकत्र कुटुंबाची एक मोठी सोय आहे, ती कोणत्याहि यंत्राबरोबर विकत मिळत नाहीं. मिस्त्री एकदां करवत पाहावयास आले. त्यांनीं पट्टा हळूच हातानें फिरवून पाहिला, बटण तपासलें, मग आमचीं दाही बोटें पाहिलीं आणि म्हणाले, “ठीक आहे.”

नातीला आतां भुसा मिळत नाहीं. तिच्या भातुकलीसाठीं आम्ही रंध्यांतून निघालेलीं सागवानी सालपटें डब्यांत भरून ठेवतों; त्यांचा तिच्या मतें शेवयांची खीर म्हणून अधिक चांगला उपयोग होतो. वाचकांस आमची विनंति एवढीच कीं, करवतीच्या दुकानांत जाण्यापूर्वीं त्यांनीं आपणांस काय घडवावयाचें आहे, त्याची यादी कागदावर लिहावी, आणि ती घरांतील वडील माणसांस एकदां दाखवावी.